‘ज्युली अँड ज्युलिया’ वाचलं का कोणी? आणि आजीच्या वहीचं काय करू?

रानवेल

नमस्कार मंडळी, ज्युली पॉवेलचं ‘ज्युली अँड ज्युलिया’ इथे कोणी वाचलंय का? सिनेमा नाही म्हणत, पुस्तक. आमचा नागपूरला धरमपेठेत एक छोटा ग्रुप आहे, महिन्याला एक पुस्तक वाचतो आणि कोणाच्या तरी घरी बसून बोलतो, या वेळी हे घेतलं आणि सरळ दोन तट पडले. दोघी म्हणून राहिल्या की हे स्वयंपाकाचं पुस्तकच नाही, नुसती रडारड आणि शिव्या, एकीने तर अर्ध्यात सोडलं. मला मात्र सोडवेना, रात्री जागून संपवलं आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळून राहिलंय.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००२ चा ऑगस्ट. ज्युली तिशीला टेकलेली, न्यूयॉर्कमध्ये सेक्रेटरीची नोकरी, तीही ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तो भाग परत उभा करायचं काम ज्या सरकारी कचेरीकडे होतं तिथे, म्हणजे दिवसभर फोनवर लोकांचा राग आणि दुःख ऐकायचं. घर क्वीन्समध्ये, किचन एवढंसं. आणि ही बाई ठरवते की ज्युलिया चाइल्ड, सिमोन बेक आणि लुईझेत बेर्तोल या तिघींनी लिहिलेलं १९६१ चं जे जाडजूड फ्रेंच स्वयंपाकाचं पुस्तक आहे, त्याच्या पहिल्या खंडातल्या सगळ्याच्या सगळ्या ५२४ रेसिपी ३६५ दिवसांत करायच्या आणि करता करता त्यावर ब्लॉग लिहायचा. सुरुवात आलू आणि लीकच्या साध्या सूपने होते (लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोराड भाऊ समजा) आणि मग जे काही चालू होतं ते बापरे. जिवंत लॉबस्टर मारणं, हाडातून मगज काढणं, अख्ख्या बदकाची सगळी हाडं काढून त्यात सारण भरून ते शिवणं. नुसतं अंडं म्हणून जे खातात ते तिने आयुष्यात खाल्लेलं नव्हतं, तेही पुस्तकात आहे म्हणून केलं आणि खाल्लं.

मला हेच सगळ्यात भिडलं. आवडतं का, जमेल का, नवरा काय म्हणेल, हा प्रश्नच नाही, पान आलं की करायचं. आपण सगळ्या रेसिपीची पुस्तकं घेतो आणि त्यातल्या पाच-सात गोष्टी करतो, बाकीची पानं कोरीच राहतात. तिने निवड करायचा हक्कच सोडून दिला आणि त्यातून तिला जे मिळालं ते निवड करून कधी मिळालं नसतं असं मला वाटते.

आता दुसरा प्रश्न. माझी आजी उमरेडची, तिची एक वही आईकडे आहे, शंभराच्या वर पदार्थ असतील. वडाभात, गोळाभात, पाटोडी, सांबारवडी, फुणके, रोडगे, उन्हाळ्याचं वाळवण वेगळं. मी मनावर घेतलंय की एका वर्षात ही वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत करायची, एकही गाळायचा नाही. आई म्हणते कशाला, अर्ध्या गोष्टी आता कोणी खात नाही. तुम्हाला पुस्तक कसं वाटलं ते सांगा, आणि ही वही अशी करण्यात अर्थ आहे का तेही अगदी मोकळेपणाने सांगा.

इतवारीकर

ताई, मी वाचलंय आणि तुमच्या बाजूने आहे. लोकांना त्यातला अॅस्पिकचा भाग किळसवाणा वाटते, मला तो सगळ्यात जवळचा वाटला. अॅस्पिक म्हणजे काय, हाडं आणि खूर तासन्‌तास उकळायचे, गाळायचं, थंड करून जेलीसारखं थिजवायचं आणि त्यात मांस, अंडी वगैरे बसवून थंडच खायचं. ज्युली वासराचे खूर उकळते आणि घरभर जो वास सुटतो त्याचं वर्णन वाचून मला माझ्या घरचा स्वयंपाक आठवला. आमचं हलबा कोष्टी, म्हणजे विणकरांचं घर, खुरांचा रस्सा आमच्याकडे थंडीत होतोच. रात्री उरला आणि गंज (पातेलं) तसाच फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी तो रस्सा थरथर हलणारा गोळा झालेला असतो. खुरात आणि सांध्यात जे कोलॅजन असते ते मंद आचेवर विरघळून त्याचं जिलेटिन होते आणि गार झालं की ते धरून बसते, पॅरिस असो की इतवारी, त्यात काही फरक नाही. फरक पुढे आहे. ते लोक त्यात अंड्याचा पांढरा बलक घालून रस्सा काचेसारखा नितळ करतात, कारण थंड खायचं तर वर चरबीचा एक कण चालत नाही. आपण परत चुलीवर चढवतो, तर्री वर येऊ देतो आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर घाम येईपर्यंत खातो.

आणि ते हाडातून मगज काढायचं प्रकरण, त्यात ती केवढी हैराण होते, चाकूने खरवडून राहिली, चमचाभर निघून राहिलं. आमच्याकडे लहान पोरगंही नळी ताटावर आपटून मगज बाहेर काढते. पण मला त्यात तिची टिंगल करावीशी वाटली नाही, उलट कौतुक वाटलं, कारण तिला दाखवायला घरात कोणीच नव्हतं, फक्त एक छापलेलं पान होतं. आपल्याला जे पाहून पाहून फुकटात येते ते तिने एकटीने कागदावरून मिळवलं. हे साधं काम नाही.

वही करा. नक्की करा.

बजाजनगरची_वाचक

मी विरुद्ध बाजूची आहे, आणि ज्यांनी अर्ध्यात सोडलं त्या मैत्रिणींचं मला अजिबात नवल वाटत नाही. मी पूर्ण वाचलं, दोनदा वाचलं, कारण मला समजून घ्यायचं होतं की आपल्याला नेमकं काय खटकून राहिलंय. भांड्यांच्या रॅकखाली अळ्या, नवऱ्याशी भांडण, मैत्रिणींच्या भानगडी, हे सगळं तब्येतीत येते, आणि पदार्थ झाला की तो कसा लागला ते एका ओळीत संपते. ज्युलिया चाइल्डच्या संपादक ज्युडिथ जोन्स (याच बाईंनी अॅन फ्रँकची डायरी नाकारलेल्या पुस्तकांच्या ढिगातून उचलली होती, म्हणजे त्यांची नजर काय होती बघा) यांनी नंतर सांगितलं की ज्युलियाबाईंना हा प्रकल्प काही रुचला नव्हता. एक तर शिव्या, आणि दुसरं म्हणजे केलेला पदार्थ शेवटी कसा झाला, त्यातून आपण काय शिकलो, हे ती सांगतच नाही. हे दुसरं कारण मला शंभर टक्के पटते. ज्युलियाबाई ऑगस्ट २००४ मध्ये वारल्या आणि पुस्तक आलं २००५ मध्ये, म्हणजे पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही, ब्लॉगपुरतंच त्यांचं मत होतं, पण पुस्तक वाचूनही ते बदललं असतं असं मला वाटत नाही.

आणि ज्युलियाबाईंची स्वतःची गोष्ट केवढी मोठी आहे. युद्धाच्या काळात गुप्तहेर खात्यात नोकरी, त्यासाठी सिलोनमध्ये कँडीला मुक्काम, तिथेच पॉलशी भेट, १९४६ मध्ये लग्न, १९४८ मध्ये नवऱ्याच्या नोकरीपायी पॅरिस. तोवर स्वयंपाक असा यायचाच नाही. सदतिसाव्या वर्षी तिथल्या कॉर्डन ब्लू या स्वयंपाकाच्या शाळेत शिकायला जातात आणि त्यानंतर बारा वर्षांनी ते पुस्तक छापून येते. बारा वर्षं! एकेक पदार्थ परत परत करून, अमेरिकेतल्या बाईला तिथल्या दुकानात जे मैदा-लोणी मिळते त्यात जमते का ते तपासून. त्यातली मांडणी पाहिलीय का तुम्ही, डावीकडे सामान आणि उजवीकडे कृती, ज्या पायरीला जे लागते ते त्याच पायरीच्या शेजारी. एवढी शिस्त ज्या पुस्तकात आहे त्याच्यावर एक वर्ष काढायचं आणि लिहायचं मात्र स्वतःच्या वैतागावर, हे मला नाही पटत. मधे मधे पॉल आणि ज्युलियाचे जे काल्पनिक प्रसंग टाकलेत तेही उपरे वाटतात.

तुमच्या वहीला माझा विरोध नाही, फक्त एवढं म्हणणं आहे की केलंत तर पदार्थाबद्दल लिहा. चून (पिठलं) किती घट्ट होतं, वडे कितपत भरड वाटले, दुसऱ्यांदा काय बदललं.

इतवारीकर

ताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे पण एक सांगू का, ज्युली शिकलेली शेफ नव्हती, दमून ऑफिसातून येणारी बाई होती. तिला पदार्थाचं वर्णन करायची भाषा अजून यायची होती. वैताग मात्र खरा होता आणि तो तिने लपवला नाही. ज्युलियाबाईंची शिस्त हवी असेल तर त्यांचं पुस्तक आहेच की, ज्युलीकडून मला ती शिस्त पाळताना साध्या माणसाची होणारी दमछाक हवी होती आणि ती मिळाली.

सुलभाकाकू

मुलींनो, मी सिनेमा पाहिला होता २००९ चा, मेरील स्ट्रीपचा, आणि मग सुनेने पुस्तक आणून दिलं. वय झालंय, टायपिंग हळू होते, सांभाळून घ्या.

माझं लग्न झालं तेव्हा आईने ‘रुचिरा’ दिली होती. कमलाबाई ओगल्यांची. १९७० मध्ये ती आली आणि आमच्या पिढीच्या कितीतरी मुलींच्या रुखवतात गेली. वाटी-चमच्याचं माप, त्यामुळे एकटीलाही धीर यायचा. पण मी त्या पुस्तकातून काय केलं? सासऱ्यांना लसूण चालत नव्हता ती पानं गेली. ह्यांना गोड नको, ती गेली. मुलांना काय डब्यात आवडेल ते केलं. चाळीसच्या वर वर्षं रोज दोन वेळा स्वयंपाक केला, वरण-भात-पोळी-भाजी, सणावाराला पुरण, आणि मी तो आनंदानेच केला, तक्रार म्हणून सांगत नाही. पण एखादं पान उघडून "आज मला हे करून बघायचंय, कोणाला आवडो न आवडो" असं म्हटल्याचं मला आठवत नाही. ज्युलीच्या पुस्तकात मला तेच दिसलं. ती नवऱ्यासाठी रांधत नाही, पाहुण्यांसाठी नाही, तिला ते पान करायचंय म्हणून करते, आणि नवरा भांडी घासतो आणि रात्री दहा-अकराला मुकाट्याने जेवतो. तिच्या शिव्या मलाही आवडल्या नाहीत. पण त्या मोकळेपणाचा मला हेवा वाटला, खरंच वाटला.

रानवेल, तुझी आई म्हणते की अर्ध्या गोष्टी कोणी खात नाही. कोणी खाल्लं नाही तरी कर. तू खा.

आणि एक विचारते, आजीच्या वहीत लंबी रोटी आहे का? मडक्यावरची? असेल तर ती वाचून येणार नाही हे आधीच सांगते.

मंदार_मूळचा_महालचा

सध्या पुण्यात असतो, पण खाणं नागपूरचंच. पुस्तक वाचलं नाही, सिनेमा पाहिलाय, त्यामुळे त्या वादात पडत नाही. मला हिशेब करावासा वाटला. ५२४ भागिले ३६५ म्हणजे दिवसाला जवळपास दीड रेसिपी, तेही नोकरी करून. यात ती तगली कशी, तर त्या पुस्तकात सॉस वेगळा मोजलाय, स्टॉक वेगळा, म्हणजे एका जेवणात तीन-चार नंबर निघत असणार. तुमच्या वहीत शंभर-सव्वाशे असतील तर आठवड्याला दोन-अडीच पडतात. दिसायला सोपं आहे पण नागपुरात ते तसं नाही, कारण आपल्याकडचे पदार्थ तारखेवर होत नाहीत, ऋतूवर होतात.

म्हणजे बघा. कुरडया उन्हाळ्यातच. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, चीक काढून रात्रभर निवू द्यायचा, वरचं पाणी टाकायचं, मग पहाटे शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत घालून मोकळं व्हायचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, वाळवणाला त्याच्यासारखं ऊन नाही, पण दुपारी गच्चीवर उभं राहता येत नाही. हेच पावसाळ्यात करायला गेलात तर बुरशी. सांडगे, पापड तसंच. रोडगे थंडीचे, शेतात किंवा निदान अंगणात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. फ्लॅटच्या ओव्हनमध्ये होईल काहीतरी, पण त्याला रोडगे म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा. पोपटाच्या शेंगा (पुण्यात वाल म्हणावं लागते, नाहीतर लोक पाहत राहतात) हिवाळ्याच्या. त्यामुळे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हा क्रम जमणार नाही. ज्युलीनेही सगळं ओळीने केलं नव्हतं, एकही सोडायचं नाही एवढाच तिचा नियम होता. आधी वही ऋतूप्रमाणे लावून घ्या.

दुसरं, वजनकाटा घ्या. आजीच्या वहीत "मीठ अंदाजाने", "पीठ मावेल तेवढं" असंच असणार. तिच्या हाताला ते माहीत होतं. तुम्ही करताना पीठ डब्यातून काढायच्या आधी आणि नंतर तोलायचं, म्हणजे अंदाजाने टाकलं तरी ग्रॅममध्ये किती गेलं ते कळते. गोळाभातासारख्या पदार्थाला हे फार लागते. चण्याच्या डाळीचा भरडा किती जाड, मोहन किती, त्यावर तो गोळा भातात टिकतो की फुटून सगळा भात पिवळा होतो ते ठरते. बजाजनगरच्या ताई जे म्हणून राहिल्यात, काय शिकलो ते लिहा, त्याची सुरुवात इथून होते.

बजाजनगरची_वाचक

मंदार, वजनकाट्याचं अगदी बरोबर. आणि काकू, तुमचं वाचून मी थांबले थोडी. पुस्तक लिहिलं कसं आहे यावर माझं मत तेच आहे, पण ती कोणासाठी रांधते हा प्रश्न मी वाचताना विचारलाच नव्हता. आता त्या नजरेने परत काही प्रकरणं काढून बघते.

ज्युली पॉवेल २०२२ मध्ये गेली, अवघी ४९ वर्षांची. पुढे तिने खाटकाच्या दुकानात जाऊन मांस कापायचं काम शिकलं आणि त्यावरही लिहिलं. म्हणजे हात शिकवायची ओढ तिच्यात होतीच, हे तिच्या बाजूने मान्य करायला पाहिजे.

रानवेल

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री वही घेऊन बसले, आईपण बसली. मंदारभाऊ म्हणाले तशी ऋतूप्रमाणे यादी करायला घेतली तर आई जी आधी कशाला कशाला करत होती ती एकेका पदार्थावर थांबून सांगायला लागली, हे आषाढात तळायचं, हे बाळंतिणीसाठी, हे भाऊबीजेलाच, हे तुझ्या आजोबांना आवडायचं म्हणून आजी न चुकता करायची पण स्वतः कधी खायची नाही. हे वहीत कुठेच लिहिलेलं नाही. ते मी समासात पेन्सिलीने लिहून घेतलं.

तर असं ठरवलंय. क्रम ऋतूचा, गाळायचं काही नाही. प्रत्येक पदार्थ झाला की ग्रॅमची मापं, किती वेळ लागला, काय बिघडलं आणि खाताना कसा लागला हे त्याच दिवशी लिहायचं, पदार्थाबद्दल आधी आणि माझ्या वैतागाबद्दल नंतर, बजाजनगरच्या ताईंचं हे ऐकलंय. पण वैताग लिहीन, तो गाळणार नाही, कारण मला ज्युलीचं पुस्तक त्याच्यासाठीच धरून ठेवावंसं वाटलं होतं.

काकू, लंबी रोटी आहे वहीत. फक्त दोन ओळी आहेत. "कणीक सैल भिजवून खूप मळावी, तार सुटली पाहिजे. मडके तापले की टाकावी." बस. शिकवाल का? आणि वहीत बऱ्याच ठिकाणी "भिवापुरी मिरची" असं स्पष्ट लिहिलंय, नुसती लाल मिरची नाही, ती खात्रीची कुठे मिळेल?

इतवारीकर

भिवापुरीला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) आहे, पण बाजारात त्या नावाने काहीही विकते. रंग गडद लाल आणि तिखट असते. उमरेड-भिवापूर पट्ट्यात तुमचे कोणी नातेवाईक शेतकरी असतील तर त्यांच्याकडूनच आणा, वर्षभराची एकदम घ्या, कडक ऊन दाखवून देठं काढून ठेवा. नाही जमलं तर मला सांगा, आमच्याकडे मसाल्याची मिरची येते तेव्हा तुमची पण मागवतो. आणि वहीत मटण असेल तर तेल कोणतं लिहिलंय ते बघा, जुन्या लोकांचा आग्रह जवसाच्या तेलाचा असायचा, शेंगदाण्याचं टाकलं तर चव वेगळीच लागते.

सुलभाकाकू

शिकवते बाळा. मलाही एकटीला आता मडकं झेपत नाही, दोघी असलो तर होईल. गहू चांगले घे आणि पीठ बारीक दळून मैद्याच्या चाळणीने चाळून आण. पाणी मीठ घालून, आणि कणीक मोठ्या परातीत आपटून आपटून मळायची, हात दुखला की अजून तेवढीच मळायची. हातावर लांबवून मडक्यावर टाकताना कोपरापर्यंत चटका बसतो, पूर्ण बाह्यांचं काहीतरी घालून ये. मडकं नवीन नको, वापरातलं लागते, ते माझ्याकडे आहे. चूल मागच्या अंगणात मांडू. आईला पण आण.

मंदार_मूळचा_महालचा

दिवाळीत येतोय नागपूरला. काकू, त्या आधी करू नका.